पावसाळ्यात फायबरची होडी

मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. एवढ्या 61 दिवसांत होडी उभी करायची होती. आमची लाकडी होडी तळाशी किड्यांनी पोखरली होती आणि दरवर्षीची दुरुस्ती बाबांना झेपेना. देवगडजवळच्या एका मिस्त्रीकाकांकडे 18 फुटी होडीचा साचा होता. ते म्हणाले, "साचा माझा, माल तुझा. पण हात तुलाच लावायला लागतील. माझी कंबर आता साच्यात वाकत नाही."

फायबरचं काम पावसाळ्यात करू नये असं सगळेच सांगत होते, आणि ते बरोबरच होतं. काचेच्या तंतूंच्या मॅटला ओल लागली की रेझिन, म्हणजे पुढे कडक होणारा चिकट द्रव, तिच्यात नीट मुरत नाही. म्हणून मॅटचे गुंडाळे आम्ही प्लास्टिकमध्ये बांधून फळीवर ठेवले आणि शेडमध्ये रात्रंदिवस पिवळे बल्ब पेटते ठेवले. धो धो पाऊस असला की त्या दिवशी काम बंद.

साच्याला पाच वेळा मेण लावलं. प्रत्येक वेळी वाळू दिलं आणि फडक्याने घासून चमकवलं. त्यावर पीव्हीएचा, म्हणजे होडी साच्यातून सुटावी म्हणून लावायच्या द्रवाचा, पातळ थर दिला. खांदे दुखेपर्यंत घासायला लागतं, पण इथे आळस केला तर होडी साच्यालाच चिकटून बसते. मग दोन्ही गेले.

मग जेलकोट, म्हणजे होडीची बाहेरची रंगीत कातडी. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड हवा. मी ब्रशने लावला. बोट टेकवून पाहिलं, चिकट लागलं पण रंग बोटाला आला नाही. हीच मॅट मारायची वेळ, असं काकांनी शिकवलं होतं. लगेच पहिली मॅट टाकली. तासाभराने कण्याच्या खोलगट भागात रंगाला सुरकुत्या पडल्या, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांना पडतात तशा. माझ्या पोटात गोळा आला.

काकांनी नुसता वास घेऊन सांगितलं, "तू वरच्या काठावर बोट लावून बघितलंस ना? तळाशी का नाही बघितलंस?" रेझिनमध्ये त्याला पातळ ठेवणारं स्टायरिन असतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती साच्याच्या तळाशी साचते आणि तिथला जेलकोट मागे राहतो. वर सुकलेला दिसतो, खाली कच्चाच. त्यात कण्याच्या कोपऱ्यात माझा ब्रश पातळ फिरला होता. मॅटच्या रेझिनमधलं स्टायरिन त्या कच्च्या, पातळ कातडीत शिरलं, ती फुगली आणि आक्रसली. तो सगळा भाग खरवडून काढला, पुन्हा मेण, पुन्हा पीव्हीए, पुन्हा जेलकोट. यावेळी शेडच्या दाराशी टेबलफॅन ठेवून साच्याच्या तळावर हवा सोडली. धूळ उडणार नाही एवढीच. चार दिवस गेले.

हे रेझिन प्लास्टिकच्या बादलीसारखं नाही, की तापवलं आणि वितळलं. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा द्रव, पडला की आतल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. पुढे कितीही तापवा, त्या जळतील पण सुटणार नाहीत. शिजलेल्या भाताचे परत तांदूळ होत नाहीत, तसंच. म्हणून सगळा विचार हार्डनर टाकायच्या आधी करायचा. मी एरवी किलोभरच रेझिन काट्यावर मोजून घ्यायचो. कोबाल्ट, म्हणजे कडक होण्याचा वेग वाढवणारा द्रव, आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, भडका उडतो. एकदा मात्र चार किलोची बादली एकदम तयार केली आणि जेवायची हाक आली म्हणून तशीच ठेवून गेलो. परत येईपर्यंत ती वाफाळत होती. जास्त माल एका जागी असला की त्याची स्वतःचीच उष्णता त्याला पेटवायला निघते. बाहेर ओल्या वाळूवर नेऊन ठेवली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पहिली मॅट चौरस मीटरला 300 ग्रॅमची, म्हणजे पुढच्या रोव्हिंगची, काचेच्या जाड विणलेल्या कापडाची, नक्षी बाहेर उमटत नाही. मग 450 ची मॅट, 610 ची रोव्हिंग, पुन्हा मॅट, पुन्हा रोव्हिंग, शेवटी मॅट. दोन रोव्हिंग एकमेकांना नीट पकडत नाहीत, म्हणून मध्ये मॅट हवीच. ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा. ओढला की तंतू सरकतात. मग खाचांचा रोलर फिरवायचा, पांढरे हवेचे डाग जाईपर्यंत. रेझिन कमी पडलं तर काच कोरडी राहते आणि जास्त ओतलं तर होडी जड होते, वर ठिसूळ. मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून थोडं जास्त रेझिन लागतं, रोव्हिंगला जवळपास तिच्या वजनाइतकंच. हे आकडे शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवले होते. पिशवीखाली हवा ओढून रेझिन आत शोषायची पद्धतही आहे. तिच्यात वास कमी आणि हवा कमी, पण एका होडीसाठी पंप आणि सरंजाम परवडत नाही.

रेझिनचे आयसो आणि ऑर्थो असे दोन प्रकार मिळतात; मी मात्र आयसोच घेतलं. ऑर्थो स्वस्त मिळतं, पण ते पाणी जास्त पितं आणि काही वर्षांनी तळाला फोड येतात. माणसाचा जीव ज्या तळावर आहे, तिथे पैसे वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात साचा सोडवला. काठाला लाकडी पाचरी मारल्या आणि फटीतून पाणी सोडलं. पीव्हीए पाण्यात विरघळतं. रबरी हातोड्याने हळूहळू ठोकत गेलो आणि एका क्षणी आतून मोठ्ठा उसासा यावा तसा आवाज झाला. होडी सुटली.

काकांनी खिशातून नाणं काढलं आणि सगळीकडे टिचक्या मारत गेले. टणटण, टणटण, आणि कण्याजवळ एका ठिकाणी भदभद. तळहाताएवढी जागा आतून सुटलेली होती. ग्राइंडरने ती घासली, कडा लांबवर उतरत्या केल्या, पुन्हा थर दिले. दुसऱ्या दिवशी नाणं टणटण वाजलं.

होडी लगेच पाण्यात घातली नाही. काकांनी आणखी दोन आठवडे शेडमध्ये ठेवायला लावली, कारण दिसायला कडक झाली तरी ती आतून अजून पिकत असते. बाबा अजूनही किनाऱ्याला लागले की कण्याच्या त्या जागेवर नाणं वाजवून बघतात.