ठोका कुणाचा?

कॅलिफोर्नियात सनीवेलला धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते. एका शनिवारी भाची म्हणाली, "मावशी, तू ताशा वाजवायचीस ना? चल, तुला ताइको ऐकवते. स्टॅनफर्डची मुलं वाजवतात." जपानी ढोल, म्हणजे कुठल्यातरी देवळातलं हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी गंभीर असणार, असं मनात धरून निघाले.

कॅलट्रेन आता विजेवर धावते. दुमजली, चकाचक. आम्ही वरच्या मजल्यावर गप्पा मारत बसलो आणि गप्पांच्या नादात एक स्टेशन आधीच, कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूला उतरलो. तेही पालो आल्टोतच येतं, त्यामुळे फलाटावरून गाडी सुटेपर्यंत दोघींनाही पत्ता नाही. पुढची गाडी अर्ध्या तासाने. पालो आल्टो स्टेशनपासून ताडांच्या दुतर्फा रांगांमधून जाणाऱ्या पाम ड्राइव्हवर मी साडी वर धरून अक्षरशः पळत होते. तो रस्ता निवांत बघायचा राहिला तो राहिलाच.

बिंग कॉन्सर्ट हॉलशी पोचलो तर दार बंद. पहिली रचना संपल्याशिवाय आत सोडणार नाहीत, असं दारावरच्या मुलीने गोड हसून सांगितलं. मग ताइको मी आधी ऐकला तो तळहाताने. दाराच्या लाकडाला हात टेकला होता आणि ते आतून हुंकारत होतं.

तेवढ्यात हातातलं पत्रक वाचलं. प्रत्येक रचनेखाली कुणीतरी एक नाव, शेजारी वर्ष. काही नावं आत वाजवणाऱ्यांच्या यादीतही होती. म्हणजे हे विशी-बाविशीच्या पोरापोरींनी स्वतः बसवलेलं! मी भाचीला म्हटलं, "अगं, मला जपानी पारंपरिक ऐकायचं होतं." ती म्हणाली, "मावशी, हीच परंपरा आहे."

पुढे वाचत गेले तेव्हा तिचं पटलं. ढोल जुने, देवळांतले, उत्सवांतले. पण लहानमोठे ढोल एकत्र मांडून पथकाने वाजवायचा हा प्रकार १९५१ सालचा. नागानो प्रांतातल्या सुवा भागातल्या दाइहाची ओगुची यांनी तो सुरू केला. हे गृहस्थ मुळात जॅझमधले ड्रमवादक. एका जुन्या ढोलवादनाचा कागद त्यांच्या हाती आला, त्यावरून त्यांनी वेगवेगळ्या आवाजांच्या ढोलांना वेगवेगळं काम वाटून दिलं. १९६८ मध्ये सेइची तानाका यांनी हे सॅन फ्रान्सिस्कोला रुजवलं. १९७३ मध्ये याच रेल्वेमार्गावरच्या सॅन होजेत जपानी अमेरिकनांच्या तिसऱ्या पिढीने पथक काढलं. दुसऱ्या महायुद्धात यांच्याच आईवडिलांना छावण्यांत डांबलं होतं. त्या पिढीला मान खाली घालून गप्प राहायचं नव्हतं, आणि ढोल काही गप्प बसण्याचं वाद्य नव्हे. विद्यापीठांतली पथकं त्यानंतरची. लॉस एंजेलिसला १९९० मध्ये, स्टॅनफर्डला १९९२ मध्ये.

आत गेलो. रंगमंच मध्ये, प्रेक्षक चारी बाजूंना. आमच्या खुर्च्या वादकांच्या पाठीमागे, त्यामुळे पाठी आणि टाचा दिसत होत्या. तक्रार करणार होते, पण थोड्याच वेळात कळलं की ठोका टाचेतून सुरू होतो. डावा गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे ताठ, कंबर खाली, आणि हात वर गेला की क्षणभर तिथेच थांबतो. त्या थांबण्याला ते 'मा' म्हणतात. आमच्याकडे अशी जागा रिकामी दिसली की ताशेवाला ती भरून काढतो. मीही भरत असे.

एक रचना माझ्या कानाने लगेच पकडली. मागे 'शिमे' नावाच्या छोट्या ढोलावर एक मुलगा मुकाट्याने मूळ ठेका धरून होता, त्याला 'जिउची' म्हणतात. ठेका सातचा. तीन-दोन-दोन. अगं बाई, हा तर रूपक! वरून दोन मुली खांद्याला पट्ट्याने 'ओके' नावाचे ढोल अडकवून समोरासमोर आल्या आणि त्याच साताची फोड उलटी करून वाजवू लागल्या. मांडीवर माझी बोटं चालू झाली. मध्येच एकीचा ठोका चुकला, दुसरी हसली आणि पुढच्या समेला दोघी एकत्र. असं चुकून सावरलं की मला जास्त आवडतं.

कार्यक्रम संपल्यावर ढोल जवळून पाहिले. जपानात असा ढोल एकाच ओंडक्यातून कोरतात, किंमत ऐकून भोवळ येईल. इथल्या लोकांनी तोड काढली ती दारूच्या जुन्या पिंपांची. लॉस एंजेलिसच्या एका बौद्ध मंदिरातल्या मंडळींनी आधी करून पाहिलं, मग सगळीकडे पसरलं. पिंपावर गाईचं कातडं दोऱ्यांनी आणि मोटारीच्या जॅकने ताणायचं, वर चढून पायांनी तुडवायचं, पुन्हा ताणायचं आणि मग कडेने खिळे ठोकायचे. बोट फिरवलं तर पिंपाच्या फळ्यांचे सांधे हाताला लागत होते.

सातची रचना बसवणारी मुलगी तिथेच उभी होती. बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आमची बोटं अशीच असायची, ते पाहून जीव भरून आला. भाचीने आगाऊपणे सांगून टाकलं की मावशी पुण्यात ताशा वाजवायची. मग काय, ऐकवाच म्हणाले. त्यांच्या 'बाची' ताशाच्या काड्यांच्या मानाने लाटणीच, त्यामुळे मी आमचा एक हात, म्हणजे ताशाच्या बोलांची ठरलेली रचना, तोंडानेच म्हटला. त्यांना ते नवं नव्हतं. तेही 'दोन्, दोको, त्सुकु, का' असं तोंडानेच शिकतात. ढोलाच्या मध्यावर 'दोन्', काठावर 'का'. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिने माझा हात त्यांच्या बोलांत परत म्हणून दाखवला.

मग तिने वही काढली आणि विचारलं, "हा कुणी बसवला?"

मी आमच्या पथकातल्या दादाचं नाव सांगणार होते. पण दादाने तरी तो कुणाकडून घेतला? त्याच्या आधी तीन-चार वर्षं एक काटकुळी मुलगी होती म्हणे, तिचे हात सगळे वाजवायचे. तिचं नाव कधी कानावर आल्याचं आठवत नाही. आमच्याकडे पावतीपुस्तकं जपून ठेवलेली आहेत, कुठल्या चौकात किती मिनिटं थांबलो तेही कुणीतरी लिहून ठेवलं असेल. हे नाही.

तिने वहीत बोल लिहिले, खाली 'पुणे' लिहिलं आणि नावाची जागा मोकळी ठेवली. भाची म्हणाली, "मावशी, चल, गाडी चुकेल."

गाडीत बसल्या बसल्या दादाला मेसेज टाकला. पुण्यात तेव्हा सकाळ होती. उत्तर आलं, "कोण काटकुळी? सुमाला विचारून बघ."