घराला अर्थ नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाटकमंडळी असोत, लग्नाचे व्हिडिओ करणारे असोत की शेजारचा कॉलेजातला मुलगा, सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘ग्राफिक्स कार्ड परत गेलं, आता कुठल्या कंपनीचं घेऊ?’ कुठलंच घेऊ नका. आधी गेलेलं कार्ड दुसऱ्या कुणाच्या मशीनला लावून बघा.

मी फोंड्याचा. जत्रेतल्या नाटकांची शूटिंगं एडिट करतो. दीड वर्षात माझी दोन कार्डं गेली. पहिल्या वेळी दुकानदाराने खाऱ्या हवेवर ढकललं. किनाऱ्यालगत खारं वारं धातू खातं हे खरंच, पण आमच्या खिडकीतून समुद्र नाही, माडाच्या झावळ्या दिसतात. तरी कार्डाची सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, धूळ काढली. काही फरक नाही. नवीन घेतलं.

तेही गेल्यावर टॉवेलात गुंडाळून म्हापशाला भाच्याकडे नेलं. ‘मामा, एचडीएमआयवर काय येत नाही, पण डिस्प्लेपोर्टवर बघ, छान चाललंय.’ एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट म्हणजे कार्डाला स्क्रीनची केबल लावायचे दोन वेगळे पोर्ट. दोन तास रेंडर लावला, म्हणजे व्हिडिओची पक्की फाइल बनवायचं जड काम, तरी कार्ड एकदाही बंद पडलं नाही. घरी येऊन माळ्यावरचं पहिलं कार्ड काढलं आणि डिस्प्लेपोर्टवर लावलं. तेही चालू! म्हणजे दोन्ही कार्डांचा तोच एक पोर्ट मेलेला. मग मला आठवलं, त्याच पोर्टाची लांब केबल मी हॉलमधल्या टीव्हीला लावायचो, मंडळींना त्यांचा प्रवेश दाखवायला. मशीन चालू असतानाच काढायची, घालायची.

शिवाय कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की मुंग्या यायच्या, एप्रिल-मेमध्ये जास्तच. सवय झाली होती.

वायरमन आला. त्याच्याकडे होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, तर आत नुसती तांबूस वात, विझत आलेल्या निरांजनासारखी. तो हसून म्हणाला, ‘भाऊ, तुमच्या घराक अर्थच ना!’

परसातला अर्थिंगचा खड्डा उकरला. पाइपला बांधलेल्या तारेचा नट गंजून सुटलेला, आणि उन्हाळ्यातली जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत. एसएमपीएसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरचे छोटे कपॅसिटर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतात, तो अर्थने जमिनीत जायला हवा. अर्थ नसेल तर 230 व्होल्टच्या निम्म्या दाबावर, म्हणजे साधारण 115 वर, कॅबिनेट तरंगत राहतं. करंट इतका कमी की माणसाला नुसत्या मुंग्या. पण टीव्हीच्या पाठीत खांबावरून आलेली केबल होती, ती दुसरीकडे कुठेतरी जमिनीला लागलेली. मी एचडीएमआय खुपसली की तो सगळा फरक पोर्टाच्या बारीक पिनांमधून वाट काढणार.

नवा पाइप, कोळसा, मीठ, आणि मार्चपासून पाऊस येईतो रोज एक बादली पाणी. आई ती बादली तुळशीबरोबर ओतते. मिठामुळे शेजारचं अळू मात्र गेलं. त्यावरून अजून बोलणी खातो.

तुमचं दुखणं वेगळंही असेल. रेंडर किंवा गेम जोरात असतानाच स्क्रीन काळी होऊन पंखे किंचाळत असतील, तर एसएमपीएसवर संशय घ्या. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर 75 वॅट मिळतात, आठ पिनांच्या कनेक्टरमधून 150. एकाच वायरीला दोन तोंडं असतील आणि कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील, तर दोन वेगळ्या वायरी ओढा. प्लास्टिक तपकिरी झालंय का बघा. बारा व्होल्टची लाइन लोडवर 11.4 च्या खाली जाता कामा नये.

माझं दुसरं कार्ड हल्ली भाच्याकडे आहे, डिस्प्लेपोर्टवर. पैसे मागितले तर म्हणतो, ‘अर्धं कार्ड आहे मामा, अर्धेच देतो.’