अहवाल स्वच्छ असला तरी

एचआयव्हीच्या औषध-प्रतिरोधाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत माझा बराचसा दिवस चार रंगांचे आलेख वाचण्यात जातो; त्यांतला एकेक रंग म्हणजे ए, सी, जी, टी यांपैकी एक जनुकीय अक्षर. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विषाणूच्या नक्कल करणाऱ्या विकराच्या १८४व्या स्थानासाठी मूळ विषाणूत एटीजी ही तीन अक्षरे असतात. लॅमिव्हुडीन हे औषध घेत असतानाही विषाणूची संख्या वाढू लागली असेल, तर तिथल्या ‘ए’च्या शिखराच्या पोटात ‘जी’चे लहानसे शिखर डोके वर काढताना दिसते. एटीजीचे जीटीजी झाले की विकरातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरे येते आणि लॅमिव्हुडीन व एम्ट्रिसिटाबिन या दोन्ही औषधांची धार एकदम बोथट होते. या बदलाला एम१८४व्ही म्हणतात.

अहवाल हातात पडल्यावर ‘माझ्या शरीराला औषधांची सवय झाली का’ असे अनेक जण विचारतात. सवय शरीराला होत नाही; बदलतो तो विषाणू. स्वतःच्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करताना तो चुका करतो आणि त्या चुका तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्या विकरात नाही. त्याची जनुकीय संहिता जेमतेम दहा हजार अक्षरांची, आणि उपचार सुरू नसलेल्या व्यक्तीच्या शरीरात रोज एक हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. या हिशेबाने एखाद्या औषधाला दाद न देणारा एक-अक्षरी बदल औषधाची पहिली गोळी घेण्याआधीच कुठेतरी होऊन गेलेला असतो. औषध त्याला जन्म देत नाही, फक्त इतरांना बाजूला सारून त्याला मोकळे रान देते. १९८७ साली झिडोव्हुडीन एकटेच वापरात आले आणि १९८९ पर्यंत त्याला न जुमानणारे विषाणू नोंदवले गेले, ते याच कारणाने. तीन औषधे एकत्र दिली, की तिन्हींना पुरून उरणारे बदल एकाच विषाणूत एकाच वेळी जुळून येणे जवळजवळ अशक्य होते.

मात्र तिन्ही औषधे एका दिवशी थांबवली, म्हणजे ती रक्तातूनही एकदमच जातात असे नाही. त्यांतले एक इफाव्हिरेन्झ असेल, तर ते इतर दोघांच्या मागे कित्येक दिवस रेंगाळते, आणि त्या काळात विषाणूसमोर ते एकटेच उभे असते. इफाव्हिरेन्झला दाद न देणाऱ्या के१०३एन या बदलाला अशा वेळी फावते. विषाणूला त्याची फारशी किंमत मोजावी लागत नसल्याने औषध बंद झाल्यावरही तो दीर्घकाळ दिसत राहतो.

एम१८४व्हीचे तसे नाही. तो विषाणूला दुबळा करतो, शिवाय टेनोफोव्हिर आणि झिडोव्हुडीन यांना अधिक संवेदनशील बनवतो. त्यामुळे प्रतिरोध दिसूनही डॉक्टर कधीकधी लॅमिव्हुडीन मुद्दाम चालू ठेवतात. (हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती.) औषध थांबले की मूळ विषाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याच्यावर मात करतो, आलेखावर पुन्हा निखळ एटीजी दिसू लागते आणि अहवाल स्वच्छ येतो. पण बदललेला विषाणू नाहीसा झालेला नसतो. सीडी४ स्मृतिपेशी या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या दीर्घायुषी पेशींच्या डीएनएमध्ये त्याची प्रत दडून राहते आणि तेच औषध पुन्हा सुरू झाले, तर तो परत वर येतो.

नेहमीच्या पद्धतीची आणखी एक मर्यादा अशी, की एकूण विषाणूंपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांहून कमी असलेला प्रकार तिला दिसत नाही. म्हणूनच औषध चालू असताना, किंवा थांबवून चार आठवडे उलटण्यापूर्वी घेतलेला नमुना मला अधिक भरवशाचा वाटतो, आणि जुने अहवाल नव्यासोबत जोडूनच वाचावेत असा माझा आग्रह असतो. डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाला प्रतिरोध सहजासहजी येत नाही हे खरे. तरी त्याला दाद न देणारे आर२६३के किंवा जी११८आर हे बदल अधूनमधून आढळतात, तेव्हा हा आग्रह तिथेही सोडता येत नाही.

नमुन्यासोबत येणाऱ्या अर्जावर ‘शेवटची मात्रा कधी घेतली’ असा एक अरुंद रकाना असतो. तो बहुधा रिकामाच येतो. आलेख स्वच्छ आणि रकाना रिकामा असला, की मी अहवालावर सही करण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावते.