पब नवा झाला, पण बिअरचं काय?

इंग्लंडमधल्या आमच्या लीड्सकडे सध्या पब रिफर्बिश करायची साथच आलीये. काही आठवडे दाराला कुलूप, मग मोठा बॅनर, आणि आत गेलं की सगळीकडे तोच ठरलेला माल, म्हणजे भिंतींना राखाडी रंग, वायरीला लटकणारे पिवळे बल्ब आणि शेल्फवर कोणी कधीच न उघडणारी पुस्तकं. कोपऱ्यावरच्या आमच्या पबचंही हेच झालं. जुनं कार्पेट घाण होतं हे मान्यच, चालताना बूट चिकटायचे, पण ते आवाज गिळायचं. आता खाली लाकडी फ्लोअरिंग आणि वर उघडं छत, त्यामुळे शनिवारी समोरच्याचं बोलणं ऐकायला टेबलावर आडवं व्हावं लागतं. स्नग म्हणून एक छोटी खोली होती, तिची भिंत पाडून टाकली, मग तिथे डॉमिनो खेळणारे आजोबा लोक यायचेच बंद झाले. टॉयलेट मात्र झकास झालंय, तिथे पैकीच्या पैकी मार्क.

पण माझी खरी तक्रार बारवरच्या हँडपंपांबद्दल आहे, म्हणजे खालच्या पिंपातली बिअर हाताने ओढून काढायच्या दांड्यांबद्दल. आधी तीन होते, आता सहा चकाचक हँडपंप ओळीने उभे. बघायला भारी वाटतं हो, पण कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर, ही काही केगमधली, म्हणजे गॅसच्या दाबाने काढायची बिअर नाही की गॅस लावला आणि महिनाभर सोडत बसलो. कास्कमध्ये यीस्ट जिवंत असतं, पिंपातच बारीक फर्मेंटेशन चालू राहतं, सेलरमध्ये, म्हणजे तळघरात, 11 ते 13 डिग्रीत पिंप आडवं ठेवून न हलवता गाळ बसू द्यायचा, आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जादा गॅस जाऊ द्यायचा, मग कडक खुंटी ठोकून उरलेला आत धरून ठेवायचा, हे सगळं कोणीतरी रोज खाली उतरून बघावं लागतं. शिवाय पाइप दर आठवड्याला धुवायचे. आणि एकदा पिंप चालू केलं की प्रत्येक पिंटमागे आत हवा शिरते, म्हणून साधारण तीन दिवसांत ते संपलं पाहिजे. नाहीतर सकाळची नीरा दुपारी उन्हातून आणून प्यायल्यासारखी गत.

आता हिशोब करा. फर्किन, म्हणजे कास्क एलचं नेहमीचं पिंप, 9 गॅलनचं, म्हणजे 72 पिंट. सहा पंप म्हणजे तीन दिवसांत चारशेच्या वर पिंट खपायला हव्यात, आणि आमच्या पबात मंगळवारी मोजून आठ टाळकी, त्यातली निम्मी लागर, म्हणजे केगमधली गार बिअर पिणारी! मग व्हायचं तेच झालं, उघडल्यावर थोड्याच दिवसांत एका बिटरला (कडवट एलला) चक्क व्हिनेगरचा वास. ग्लास परत दिला तर बारवरच्या मुलीने एक घोट घेतला, सॉरी म्हणाली, दुसरी पिंट दिली आणि त्या पंपावरची बिअरच्या नावाची क्लिप उलटी फिरवून ठेवली, म्हणजे ही बिअर आता बंद. इथे बिअर परत करताना लाजायचं नाही, फक्त अर्धी पिऊन झाल्यावर करू नका.

गार नाही म्हणून मात्र परत करू नका. पुण्याहून मामा आला होता, पहिल्याच घोटाला म्हणाला, "अरे, फ्रीज बंद पडलाय का यांचा?" त्याला म्हटलं मामा, दोन घोट अजून घे. पिंट संपवून त्याने मुकाट्याने दुसरी मागवली, आणि घरी जाऊन मामीला काय सांगितलं ते इथे लिहित नाही.

जुना पब सांभाळून चालवता येतो हे बघायचं असेल तर शहरातल्या व्हाइटलॉक्समध्ये जा. 1715 पासूनची जागा, अरुंद बोळात, आत टाइल्सचा बार, पितळ, आरसे, सगळं व्हिक्टोरियन काळातलं जागच्या जागी, आणि बिअर पण नीट. या देशात पबचं वेड असलेले लोक आहेत म्हणून हे टिकतं. 1971 मध्ये चार जणांनी केगच्या वैतागातून कॅमरा ही कास्क एल वाचवणारी संघटना काढली, ती आज बिअरइतकीच पबच्या जुन्या इंटिरिअरसाठीही भांडते. लंडनचं कार्लटन टॅव्हर्न 2015 मध्ये डेव्हलपरने परवानगी न घेता पाडलं, लोकांनी आणि कौन्सिलने त्याला ते परत जसंच्या तसं बांधायला लावलं, 2021 मध्ये पुन्हा उघडलं. आपल्याकडे किती इराणी हॉटेलं गेली, कुणी असं भांडलं असतं तर!

आमच्या पबात आता नवीन मॅनेजर आलाय, यॉर्कशरचाच. त्याने आल्या आल्या तीन पंप बंद केले, वरून फोन आला असणार पण पठ्ठ्या ऐकला नाही. टिमोथी टेलर ब्रुअरीची लँडलॉर्ड नावाची बिअर तो सेलरमध्ये नेहमीपेक्षा जास्त दिवस पडू देतो, घाईत लावत नाही, आणि पंपाच्या तोंडाला स्पार्कलर, म्हणजे बारीक भोकांची तोटी लावून वर असा जाड मलईदार फेस काढतो की प्रत्येक घोटाला ग्लासवर एक पांढरी रिंग राहते. पिंप गुरुवारी उघडतो, रविवारी दुपारपर्यंत खल्लास. येणार असाल तर शुक्रवारी या, मागच्या दाराजवळचं टेबल धरून ठेवतो, तिथे जरा ऐकू येतं.