अकरा खिडक्या

खिडक्या विकणाऱ्या माणसाने टेप लावून मापं घेतली आणि म्हणाला, ‘परवानगीबिरवानगी काही लागत नाही, पांढरीच्या जागी पांढरीच तर बसवतोय.’ मी लगेच बयाणा दिला. पुण्यात एवढ्या वर्षांत दहा जणांना विचारल्याशिवाय मी नळसुद्धा बदलला नसेल, पण इथे काय झालं होतं कोण जाणे.

आम्ही मॅडिसनला राहतो. नाव सांगितलं की सगळे विस्कॉन्सिन धरून चालतात. आमचं मॅडिसन इंडियानातलं, ओहायो नदीच्या काठचं, 1809 साली वसलेलं, जेमतेम बारा हजार वस्तीचं. नवऱ्याची नोकरी इंडियानातल्याच कोलंबसला, कमिन्स या इंजिनांच्या कंपनीत. कोथरूडच्या ऑफिसातून इकडे आलेली मराठी मंडळी बहुतेक कोलंबसलाच घर घेतात आणि ते शहाणपणाचंच आहे. नवरा रोज राज्य मार्ग सातवरून जायला तासभर, यायला तासभर घालवतो. पण एका रविवारी नदी बघायला म्हणून आलो आणि विटांचं एक अरुंद, लांबुळकं घर विकाऊ दिसलं. एकामागे एक खोल्या, पार मागच्या दारापर्यंत. कसब्यातल्या आमच्या बिऱ्हाडाची आठवण झाली. घर साधारण 1850च्या आसपासचं. किंमत कोलंबसच्या फ्लॅटपेक्षा कमी. का कमी, ते पहिल्या जानेवारीत कळलं. खिडक्यांच्या फटींतून वारा असा यायचा की बंद खिडकीचा पडदासुद्धा हलायचा.

बयाणा देऊन आठवडा झाला नसेल, शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या. ‘नव्या खिडक्या म्हणे? मंडळाकडे जाऊन आलीस का?’ कसलं मंडळ, हे मला त्यांच्याकडून कळलं. गावचा जुना भाग, 133 ब्लॉक, 2006 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. त्या हद्दीत रस्त्यावरून दिसणारं काही बदलायचं असेल तर शहराच्या मंडळाचा दाखला लागतो. आत भिंतींना पोपटी रंग द्या, कोणी विचारणार नाही. बाहेरची खिडकी मात्र नुसती आपली नसते.

कार्यालयातल्या बाई फार नीट बोलल्या. अर्ज, प्रत्येक खिडकीचे आतून-बाहेरून फोटो, नव्या खिडकीचं माहितीपत्रक, मग जाहीर सुनावणी. घरासमोर सुनावणीचा फलक लागला तेव्हा मला उगाचच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटलं. सुनावणीत एका सभासदांनी एकच प्रश्न विचारला: ‘आहेत त्या खिडक्या दुरुस्त होणार नाहीत, असं कोणी तपासून सांगितलंय का?’ कोणीच सांगितलं नव्हतं. मी ठरवलेल्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, खिडकीत काचांमधल्या बारीक लाकडी पट्ट्या नसतात, वरून चिकटवलेल्या असतात. सावली पडत नाही, चौकट जाड दिसते. हे त्यांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं आणि एकदा दिसल्यावर मला रस्त्याने जाताना तेच दिसायला लागलं. विषय पुढच्या महिन्यावर गेला. त्याआधीच मी अर्ज मागे घेतला. तेच लाकूड, तेच माप ठेवून नुसती डागडुजी करायची तर सुनावणी लागत नाही, हे तोवर कळलं होतं. बयाणा बुडाला तो बुडालाच.

गावात सुतार आहेत, पण चांगल्या सुतारापुढे वर्षभराची रांग. म्हणून पहिली खिडकी मीच काढली.

ही खिडकी वर-खाली सरकते. दोन पल्ले, प्रत्येकात सहा काचा. पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना सुती दोरी, ती वरच्या कप्पीवरून चौकटीच्या पोकळीत उतरते आणि तिच्या टोकाला ओतीव लोखंडाचं काकडीएवढं वजन. विहिरीच्या रहाटाची अक्कल, दुसरं काही नाही. आमच्याकडे बहुतेक दोऱ्या तुटून वजनं तळाशी पडली होती, वर कुंभारमाश्यांनी मातीची घरं केली होती. ती खरवडून काढायला दुपार गेली.

व्हिडिओ कॉलवर आईला काच दाखवली. ती म्हणाली, ‘अगं, खिडकीला काही झालं नाहीये, लांबी वाळून गेलीये तिची. वाड्यात दर दोन-चार वर्षांनी लावायचे.’ तोपर्यंत मी तिला पुटी म्हणत होते. जवसाच्या तेलातली लांबी हातात मळून मऊ करायची, काचेच्या कडेने दाबत न्यायची आणि पट्टीने एका दमात तिरकी ओढायची. दम तुटला की रेघ तुटते. माझी पहिली रेघ पाचवीतल्या मुलाच्या अक्षरासारखी आली. वर पापुद्रा धरायला आठवडाभर तरी द्यावा लागतो, मगच रंग.

रंगाचंच खरं भय. 1978च्या आधीच्या घरांत विषारी शिशाचा रंग असू शकतो. आमच्या रंगाला चाचणीची काडी लावली, ती लाल झाली. मुलगी चार वर्षांची. मग सगळं काम मागच्या शेडमध्ये, खाली प्लास्टिक, तोंडावर मास्क, रंग ओला करूनच खरवडायचा, कपडे वेगळे धुवायचे. यात काटकसर केली नाही.

काचा जुन्या, लाटा असलेल्या. त्यातून नदीपलीकडचं केंटकी राज्य जरा वितळल्यासारखं दिसतं. एक काच माझ्या हातून फुटली. तसलीच दुसरी एका मोडीत निघालेल्या खिडकीतून मिळाली, पण तोवर तिथे तीन आठवडे पुठ्ठा होता आणि आजी रोज पुठ्ठ्याकडे बघून खाकरायच्या. त्यांनीच सांगितलं की गावाकडे पैसा असता तर यातलं काहीच उरलं नसतं. आधी नदीच्या व्यापारावर गाव गबर झालं, 1844 मध्ये लॅनियर नावाच्या बँकवाल्यांनी नदीकाठी हवेली बांधली, मग व्यापार दुसऱ्या गावांकडून जाणाऱ्या रेल्वेने ओढून नेला. नवं बांधायला पैसा नाही, म्हणून जुनं पाडलं नाही. आमच्या वाड्याच्या वाट्याला उलटं आलं.

जुलैच्या सुरुवातीला नदीत वेगवान बोटींच्या शर्यती असतात. त्या आवाजाने गेल्या वर्षी घरातल्या सगळ्या काचा थरथरत होत्या. यंदा दिवाणखान्यातल्या चारही गप्प होत्या. मी नवऱ्याला मुद्दाम टीव्ही बंद करायला लावून ऐकवलं.

चौदा महिन्यांत दहा झाल्या. बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे वारा अडवणाऱ्या जादा खिडक्या, लावायच्या आहेत, त्याचा अर्ज वेगळा, तो भरून ठेवलाय. अकरावी स्वयंपाकघरातली. तिची दोरी तुटलेली आहे, म्हणून ती सध्या लाटण्याच्या टेकूवर उघडी राहते. पोळ्या करायच्या वेळी खिडकी बंद.