पेन ड्राइव्ह मेला आणि गावभर डॉक्टर झाले

पेन ड्राइव्ह लावल्यावर विंडोज म्हणालं की ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, तर कॅन्सल दाबा, ड्राइव्ह काढा आणि कुणाच्याही हातात देऊ नका. एवढं आधी सांगून टाकतो, बाकीचं निवांत वाचा.

मी कुडाळजवळ डीटीपीचं काम करतो. गणपतीच्या आधी आमच्याकडे जेवायला फुरसत नसते, डबलबारी भजनांची पोस्टरं, चाकरमान्यांच्या स्वागताचे फ्लेक्स, आणि त्यात यंदा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका. स्मरणिका म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. काजू फॅक्टरीवाल्यांच्या जाहिराती, आंबा बागायतदारांच्या शुभेच्छा, मानकऱ्यांचे फोटो कोण कुठच्या पानावर यावरून होणारे वाद, आणि मुंबईच्या मंडळाकडून येणारे लेख, जे कोकणकन्या एक्सप्रेसने येणाऱ्या कुणाच्या तरी खिशातून येतात कारण कोरलच्या, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पानं लावतो त्याच्या, एवढ्या मोठ्या फाइली आमच्या नेटवर चढवायच्या म्हणजे पहाट होते. दिवसा दुकानात काम, रात्री घरी, मधे पेन ड्राइव्ह. दुकानातल्या मशीनवर कॉपी होती पण ती जुनी, शेवटच्या मोठ्या प्रूफकरेक्शनच्या आधीची.

लक्षणं आधीपासून होती म्हणे. फाइल कॉपी होताना मधेच थांबायची, ड्राइव्ह हाताला गरम लागायचा, मग एका फोल्डरचं नाव चिनी-जपानी दिसायला लागलं. आणि मग तो फॉरमॅटचा मेसेज.

दुकानात तेव्हा चारपाच माणसं, झेरॉक्सला आलेली. एक म्हणाला, "अरे यस म्हण आणि फॉरमॅट कर, मगे चालतलो." चालेल हो, पण काय चालेल? रिकामा ड्राइव्ह. दुसऱ्याने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं, दमट हवेने झालं असणार. आता आमच्याकडे खाऱ्या हवेने कॉम्प्युटरचे बोर्ड जातात, पोर्टांना गंज चढतो, हे खरं आहे, पण आतली मेमरी मरते तिला तांदूळ काय करणार. पुण्यात आयटीत असलेल्या चुलतभावाने फोनवर चेकडिस्क चालवायला सांगितलं. हा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो शहाण्या माणसाकडून येतो. चेकडिस्क डेटा वाचवायला नसतंच, ते फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवलीय त्याची व्यवस्था, सरळ करायला असतं, आणि त्यासाठी ते मरणाऱ्या ड्राइव्हवरच लिहायला लागतं. शेवटी फाउंड नावाच्या फोल्डरात सीएचके एक्स्टेन्शनचे तुकडे मिळतात, ते कशाचे ते देवालाच ठाऊक.

मुळात हे मरतं कसं, तेही सांगतो. पेन ड्राइव्हच्या आत मेमरीची चिप आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर. या मेमरीत लिहिलेल्यावर परत लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एकदम मोठा ब्लॉकच पुसावा लागतो, पाटीवर एक अक्षर चुकलं म्हणून अख्खी पाटी पुसायची तसं. प्रत्येक पुसण्याने सेल झिजतो. पूर्वी एका सेलमध्ये एकच बिट असायचा तेव्हा लाखभर वेळा पुसता यायचं, आता स्वस्तात जास्त जीबी बसवायला तीन-तीन बिट कोंबतात, त्यांचं आयुष्य हजाराच्या आसपास. कंट्रोलर काम सगळीकडे वाटून देतो म्हणून एवढे तरी टिकतात. त्यात कोरल प्रत्येक सेव्हला त्याच फोल्डरात 'बॅकअप ऑफ' अशी अजून एक फाइल लिहितं, म्हणजे सेव्ह एक, लिहिणं दोनदा. आणि तो बॅकअप कुठे, तर त्याच ड्राइव्हवर. छान.

2000 साली हे ड्राइव्ह पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा 8 एमबीचे होते, फ्लॉपीवाल्यांना ते पण भारी वाटलेले. असो.

तर मी काय केलं. दुसऱ्या मशीनवर लिनक्स टाकून डीडीरेस्क्यूने ड्राइव्हची अख्खी इमेज, म्हणजे आतल्या सगळ्या डेटाची जशीच्या तशी एक मोठी फाइल, काढायला घेतली. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची अक्कल मला फार आवडली, आधी जे सहज वाचता येतंय ते उचलून घेतं, अडलेल्या जागांवर नंतर परत येतं, आणि कुठपर्यंत आलो त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधीही जाते, गेलीच, पण परत आल्यावर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू. मग त्या इमेजवर हरवलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवलं, तेही फुकटच. ड्राइव्हला हात नाही, जे काय करायचं ते इमेजवर, चुकलं तर परत.

फोटो बरेच मिळाले. पण फोटोरेक फाइलींची नावं आणत नाही, एफ आणि पुढे लांबलचक आकडा, फोल्डर वगैरे काही नाही, त्यामुळे मानकऱ्यांच्या आजोबांचे जुने स्कॅन, हॉटेलांचे लोगो आणि कुणाच्या तरी बारशाचे फोटो एकाच ढिगात. मोठ्या कोरल फाइली ड्राइव्हवर सलग पडलेल्या नसल्या की अर्धवट येतात, उघडतच नाहीत. नेमकी मधली पानं तशी गेली.

लेख वाचले ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे, कमिटीला प्रूफच्या पीडीएफ पाठवत होतो त्या लोकांच्या फोनात होत्या. खुश होऊन कॉपी मारायला गेलो तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात ना, पडद्यावर मराठी दिसतं, आत भलतंच असतं. म्हणजे वाचायचं आणि परत टाइप करायचं. बायकोने वाचून दाखवलं, मी बडवलं, आणि एका लेखात तिने लेखकाचीच शुद्धलेखनाची चूक पकडली जी तीन जणांच्या प्रूफमधून सुटली होती.

ड्राइव्ह त्यानंतर पूर्णच गेला, विंडोजमध्ये नुसतं नो मीडिया. मुंबईच्या एका रिकव्हरीवाल्याला विचारलं, त्याने बरा मोबाईल येईल एवढा आकडा सांगितला. त्याचंही चूक नाही, या नखाएवढ्या ड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात, वरचा थर घासून केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. कमिटीने नको म्हटलं, त्या पैशात दोन पानं रंगीत होतील म्हणाले, आणि झालीही.

आता काम मशीनच्या डिस्कवरच करतो, पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करायला, आणि संध्याकाळी एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. नवीन ड्राइव्ह घेतला की आधी एचटूटेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासतो, कारण बाजारात 64 जीबी लिहिलेले आणि आत 8 जीबी असलेले सर्रास मिळतात, ठरावीक मर्यादेपुढे लिहिलेलं नुसतं गायब होतं आणि तो हूं की चूं करत नाही. या टेस्टला वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेला एक याच टेस्टमध्ये नापास झाला, तो परत करायला गेलो तर स्टॉल पुढच्या जत्रेला गेलेला.