कपाटातल्या झेरॉक्स

आज सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट आवरून झालं. भाडेकरूंच्या आधारच्या झेरॉक्स निघाल्या, कधीच घर सोडून गेलेल्यांच्यासुद्धा. आधार हवंच असेल तर मास्क्ड आधार मागा. त्यात फक्त शेवटचे 4 अंक दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवं लिहून सही घ्या. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो. ओळखीच्या माणसाला सहज जमतो.

खरा घोळ एक्सेलमध्ये होतो. थकबाकीची यादी पाठवताना मोबाइल नंबरांचा कॉलम 'हाइड' करतात. तो पुसला जात नाही, कुणीही 'अनहाइड' करू शकतो. लागतील तेवढेच कॉलम नव्या फाइलमध्ये घ्या, पीडीएफ करा, मगच ग्रुपवर टाका. गूगल शीट लिंक असलेल्या सगळ्यांना खुली ठेवली, की फॉरवर्ड होत कुठेही पोचते. ईमेल टाकून एकेकाला परवानगी द्या. आणि कमिटी बदलली की त्याच दिवशी जुन्यांचा अ‍ॅक्सेस काढा. हे हमखास राहतं, कारण ते काम कुणाच्याच नावावर नसतं.

सभासद नोंदवही, इतिवृत्त यांना हात लावायचा नाही. काम संपलेल्या झेरॉक्स मात्र रद्दीत नकोत, बारीक तुकडे करूनच टाका. संगणकातल्या स्कॅन प्रतीही पुसा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.